शुगर नॉर्मल, मणका ठीक, मग पाऊल का लोंबलं? नसा आणि डोळे गाठणाऱ्या एका दुर्मीळ आजाराबद्दल

चालता चालता पायातली चप्पल निसटते आणि कळतही नाही. उंबरठ्याला अंगठा अडखळतो. दोन-चार दिवसांत पाऊल वर उचलेनासं होतं. आठवड्याभराने एका हाताची करंगळी बधिर होते. शुगर तपासली तर नॉर्मल. कंबरेचा एमआरआय काढला तर वयाप्रमाणे थोडी झीज, बाकी काही नाही. मधेच एक डोळा लालभडक होऊन रात्रभर ठणकतो. आणि वर्षभर ‘सायनस’ चालूच आहे, नाकातून रक्ताळलेल्या खपल्या पडतात.

या तक्रारी घेऊन खानापूर किंवा चिकोडीकडचा माणूस चार दारं फिरतो. नाकासाठी बेळगाव, डोळ्यासाठी मिरज, पायासाठी हाडांचे डॉक्टर, खोकल्यासाठी तालुक्याचा सरकारी दवाखाना. चार ठिकाणी चार फाइली, आणि प्रत्येक फाइलीत आपापल्या अवयवापुरतं बरोबरच लिहिलेलं असतं. त्या चारही फाइली एका टेबलावर ठेवल्या की कधी कधी एकच आजार दिसतो: व्हॅस्क्युलायटिस.

‘नस’ एकच, अर्थ दोन

मराठीत आपण ‘नस’ किंवा ‘शीर’ हा शब्द दोन गोष्टींना वापरतो. रक्त वाहून नेणारी नळी हीही नस, आणि मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नेणारा मज्जातंतू हीही नसच. ‘नस दबली’ म्हणतो तेव्हा मज्जातंतू असतो, ‘नस फुगली’ म्हणतो तेव्हा रक्ताची नळी. एरवी या घोळाने गैरसमज होतात. या आजारात मात्र दोन्ही नसांचा संबंध आहे, म्हणून इथून पुढे रक्ताच्या नळीला रक्तवाहिनी आणि निरोपाच्या तारेला मज्जातंतू म्हणू.

व्हॅस्क्युलायटिस म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीला आलेली सूज. ही सूज सहसा जंतूंनी आणलेली नसते. शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून आपल्याच रक्तवाहिन्यांवर उलटते. याचे बरेच प्रकार आहेत. नाक, फुप्फुस, मूत्रपिंड, डोळे आणि मज्जातंतू असे सगळे गाठणारे दोन प्रकार इथे महत्त्वाचे. पहिला जीपीए, म्हणजे ‘ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस’. जुन्या कागदांवर याचं नाव ‘वेगेनर’ दिसेल. ज्या जर्मन डॉक्टरवरून ते नाव पडलं, त्याचा नाझी पक्षाशी संबंध उघड झाल्यावर 2011 मध्ये वैद्यकीय संस्थांनी ते टाकून दिलं. दुसरा ईजीपीए, म्हणजे ‘इओसिनोफिलिक ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस’. हा बहुतेक वेळा दमेकऱ्यांना होतो आणि त्यात रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पेशी फार वाढतात. चर्ग आणि स्ट्रॉस या दोन डॉक्टरांनी 1951 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून काही डॉक्टर अजूनही ‘चर्ग-स्ट्रॉस’ म्हणतात.

आजार दुर्मीळ आहे. पण दुर्मीळ म्हणजे आपल्याकडे होतच नाही, असं नव्हे. बऱ्याचदा तो दुसऱ्याच कुठल्या तरी नावाखाली दडलेला असतो.

टेलच्या शेताला पाणी पोचत नाही

मज्जातंतूला आपण वायरसारखा समजतो, पण वायर मेलेली असते आणि मज्जातंतू जिवंत. त्यालाही रक्त लागतं. त्याच्या अंगावरून केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्या धावतात आणि त्याला पोसतात.

घटप्रभेच्या कालव्यावर शेती असलेल्यांना पुढचं सांगायची गरजच नाही. मुख्य कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून सरी. चारीचे काठ आतून ढासळून अरुंद झाले की वरच्या रानाला पाणी मिळतं, टेलच्या रानाचा ऊस मात्र उभा वाळतो. मज्जातंतूचंही तसंच. सूज आलेल्या बारीक रक्तवाहिन्यांची पोकळी बंद होत जाते आणि मज्जातंतूचा मधला पट्टा उपाशी राहतो. दोन बाजूंनी येणारा रक्तपुरवठा जिथे कसाबसा एकमेकांना भेटतो तो हा पट्टा, म्हणजे पायात मांडीच्या मध्यावर आणि हातात दंडाच्या मध्यावर. तिथून खालचे तंतू मग काही दिवसांत मरतात.

म्हणून हा त्रास दोन्ही पायांना सारखा होत नाही. आज उजवं पाऊल, पंधरा दिवसांनी डावा हात, मग डावं पाऊल. एकेक मज्जातंतू वेगवेगळ्या वेळी, बहुधा दुखून आणि आग होऊन, बंद पडत जातो. सगळ्यांत जास्त वेळा बळी पडतो तो गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाऊन पाऊल वर उचलणारा मज्जातंतू. ईजीपीएच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत मज्जातंतूंना इजा होते, जीपीएमध्ये त्याहून कमी.

पण पाऊल लोंबायला दुसरी कारणं नसतात का?

असतात, आणि ती या आजारापेक्षा कितीतरी जास्त आढळतात. आधी तीच बघायला हवीत.

साखरेचा आजार घ्या. त्यात बधिरपणा दोन्ही तळपायांत एकदम आणि वर्षानुवर्षे हळूहळू चढतो, मोजे घातल्यासारखा. चार दिवसांत एकच पाऊल लोंबलं तर ‘शुगरमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये, भले शुगर खरंच वाढलेली असो.

मणक्याची गादी सरकली असेल तर कंबरेपासून पायात कळ जाते आणि खोकल्यावर वाढते. हाताची करंगळी मात्र कंबरेच्या मणक्यामुळे बधिर होणार नाही. हातही गेला आणि पायही गेला, तर एकट्या कंबरेवर खापर फोडता येत नाही.

आपल्या भागातलं एक कारण पुस्तकातल्या यादीत सहज नजरेआड होतं. दिवसभर उकिडवं बसून भांगलण केली की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला तोच मज्जातंतू दाबला जातो आणि संध्याकाळी पाऊल उचलत नाही. याला फारशी कळ नसते, ताप नसतो, नाक-डोळ्याचं काही नसतं. बसणं बंद केलं की बहुतेक वेळा काही आठवडे-महिन्यांत सुधारतं.

आणि कुष्ठरोग. पाऊल लोंबणं, करंगळी वाकणं, चप्पल निसटलेली न कळणं, ही सगळी त्याचीही लक्षणं आहेत. अंगावर फिकट किंवा लालसर, संवेदना नसलेला चट्टा आहे का, कोपरामागचा मज्जातंतू दोरीसारखा जाड लागतो का, हे डॉक्टरांनी बोटांनी चाचपून बघायलाच हवं. कुष्ठरोगाच्या ‘रिअ‍ॅक्शन’मध्येही मज्जातंतू अचानक सुजतात आणि डोळा लाल होतो. त्याचं औषध सरकारकडून मोफत मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो, त्यामुळे तपासणीला लाजण्याचं कारण नाही.

ही चारही कारणं बसत नसतील, किंवा बसूनही सोबत ताप, घटलेलं वजन, सुजलेले सांधे, पायांवर जांभळे पुरळ, नाकातल्या खपल्या, नव्याने आलेला दमा असेल, तर व्हॅस्क्युलायटिसचा विचार त्याच आठवड्यात व्हायला हवा.

डोळ्यात नेमकं काय होतं?

‘डोळे आलेत’ म्हणून मेडिकलमधून ड्रॉप आणण्याची सवय इथे फार महागात पडते. डोळे येतात तेव्हा चिकट घाण येते, खुपतं, पण आतून ठणका नसतो आणि नजर शाबूत असते. जीपीएमध्ये डोळ्याचा पांढरा भाग, म्हणजे स्क्लेरा, खोलवर सुजतो. वेदना गिरमिटाने भोक पाडल्यासारखी, कपाळात आणि जबड्यात जाणारी, झोपेतून उठवणारी. बुबुळ फिरवलं की वाढते. रंग गुलाबी नसतो, जांभळट लाल असतो. डोळ्यांचे डॉक्टर फिनाइलएफ्रिनचा थेंब टाकून बघतात. वरवरची लाली त्याने फिकी पडते, खोलची पडत नाही.

दुसरा प्रकार बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या कडेला होतो. तिथे चंद्रकोरीसारखी जखम पडते आणि पडदा विरघळत पातळ होतो. तो फुटला तर डोळा जातो. मनाने टाकलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली जाते, दुखणं कमी होतं, पण खाली पडदा पातळ होतच राहतो. बरं वाटतंय म्हणून वाट बघण्यात जे दिवस जातात, तेच खरे घातक.

तिसरा प्रकार डोळ्याच्या मागे. सायनसमधली सूज खोबणीत शिरते, गाठ तयार होते, डोळा पुढे येतो, एकाच्या दोन वस्तू दिसतात. ती गाठ दृष्टीच्या मज्जातंतूला दाबते. ईजीपीएमध्ये गाठ नसतानाही त्या मज्जातंतूचा किंवा डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्याचा रक्तपुरवठा अचानक बंद होऊ शकतो. तेव्हा नजर काही मिनिटांत जाते आणि दुखतही नाही.

घरी करता येईल अशी एक साधी तपासणी आहे. एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरातला लाल वार बघा. एका डोळ्याला तो कुंकवासारखा आणि दुसऱ्याला विटकरी, मळका दिसत असेल, तर दृष्टीच्या मज्जातंतूवर ताण असू शकतो. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. बाजार, ऊसतोड, लग्नकार्य, काहीही असलं तरी.

डोळ्यातून सतत पाणी गळणं हे त्यामानाने सौम्य लक्षण. नाकात उतरणारी अश्रूंची नळी बुजलेली असते. फक्त मूळ आजार तेजीत असताना तिच्या ऑपरेशनची घाई करू नये, सूज आटोक्यात येऊ द्यावी.

टीबीचं औषध चालू असेल तर?

गफलत सगळ्यांत जास्त होते ती इथे, म्हणून थोडं सविस्तर.

जीपीएमध्ये फुप्फुसात गाठी होतात, त्या पोकळ होतात, खोकल्यातून रक्त पडतं. एक्स-रे हुबेहूब टीबीसारखा दिसतो. आपल्याकडे टीबी इतका आहे की आधी त्याचाच संशय घेणं योग्यच. पण थुंकीत टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी निगेटिव्ह येऊनही ‘फोटोवरून’ औषध सुरू झालं असेल आणि दोन महिन्यांनंतरही ताप, वजन, एक्स-रे काहीच सुधारत नसेल, तर निदानावर पुन्हा विचार करा असं डॉक्टरांना सांगायला संकोच करू नका.

त्यात आणखी एक गुंता आहे. टीबीच्या गोळ्यांपैकी इथॅम्ब्युटॉल दृष्टीच्या मज्जातंतूला इजा करू शकतं, आणि आयसोनियाझिड हातापायांच्या मज्जातंतूंना. म्हणजे तक्रारी तशाच, कारण वेगळं. फरक असा: इथॅम्ब्युटॉलमुळे सहसा दोन्ही डोळ्यांची नजर न दुखता, काही आठवडे-महिन्यांनी मंदावते आणि लाल-हिरव्यातला फरक कळेनासा होतो. आयसोनियाझिडच्या मुंग्या दोन्ही तळपायांत सारख्या येतात आणि बी-6 जीवनसत्त्वाच्या गोळीने टाळता येतात. एकच डोळा ठणकतोय, एकच पाऊल लोंबलंय, तर ते गोळ्यांवर ढकलू नका. आणि नजर मंदावली तर इथॅम्ब्युटॉल चालू ठेवायचं की थांबवायचं, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

टीबी आणि व्हॅस्क्युलायटिस दोन्ही एकत्र असतील तर टीबीच्याच रिफाम्पिसिन या औषधामुळे शरीरात स्टेरॉइड लवकर नष्ट होतं आणि नेहमीचा डोस अपुरा पडतो. म्हणून दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत असायलाच हवीत.

तपासण्या कुठल्या, आणि कुठल्या क्रमाने?

सुरुवात सगळ्यांत स्वस्त तपासणीने: लघवी. तिच्यात प्रथिनं आणि रक्तपेशी सापडल्या तर मूत्रपिंडाला सूज असू शकते. मूत्रपिंड दुखत नाही, सूजही उशिरा दाखवतं, आणि जीव मात्र तिथेच अडकतो. सोबत मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, अंगातली सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी, आणि रक्तपेशींची मोजणी. इओसिनोफिल एका मायक्रोलिटरमध्ये 500 च्या आत असायला हवेत. दमेकऱ्यात ते 1000 च्या वर असतील आणि हातपाय बधिर होत असतील तर ईजीपीएचा संशय घट्ट होतो. जंतांनीही इओसिनोफिल वाढतात, म्हणून शौचाची तपासणीही हवी. त्यातला स्ट्राँगिलॉइडिस हा जंत असताना स्टेरॉइड दिलं तर तो अंगभर पसरू शकतो.

ही मोजणी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेण्याआधी व्हावी. दम लागला म्हणून गावात एक इंजेक्शन घेतलं की काही तासांत इओसिनोफिल खाली येतात आणि पुरावाच पुसला जातो.

मग एएनसीए, म्हणजे अँका. या रक्ततपासणीत पीआर3 आणि एमपीओ असे दोन भाग असतात. दोन्ही मागून घ्या. जीपीएमध्ये बहुधा पीआर3 पॉझिटिव्ह येतो.

मज्जातंतूंसाठी एनसीव्ही. विजेचा हलका झटका देऊन निरोप किती जोरात आणि किती वेगाने पोचतो ते मोजतात. या आजारात जोर घटतो, वेग त्यामानाने टिकतो. पाऊल लोंबल्याच्या दुसऱ्याच दिवशी केली तर ती फसवी येऊ शकते, कारण मेलेला तंतू आठ-दहा दिवस निरोप नेत राहतो. पण त्यासाठी उपचार थांबवू नयेत.

अँका निगेटिव्ह आली, मग सुटलो?

नाही. ईजीपीएच्या निम्म्याहून जास्त रुग्णांत ती निगेटिव्हच असते, आणि जीपीए फक्त नाक-डोळ्यापुरता असेल तर त्यातही अनेकदा. उलट टीबीसारख्या जंतुसंसर्गातही ती कधी कधी पॉझिटिव्ह येते. म्हणून शक्य असेल तिथे तुकडा काढून तपासतात: नाकातून, मूत्रपिंडातून, किंवा घोट्याजवळच्या मज्जातंतूचा, शेजारच्या स्नायूसकट. मज्जातंतूचा तुकडा काढला की पावलाच्या कडेला कायमचा बधिर ठिपका राहतो, हे आधी माहीत असावं. आणि सूज मज्जातंतूभर सलग नसते, त्यामुळे तुकड्यात काही सापडलं नाही तरी आजार नाही असं ठरत नाही.

स्टेरॉइड? नको रे बाबा!

ही भीती घराघरांत आहे आणि तिला आधार आहे. तोंड सुजतं, शुगर चढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू येतो, डोळ्याचं प्रेशर वाढतं. तरीही इथे स्टेरॉइड नाकारणं म्हणजे डोळा आणि पाय पणाला लावणं. उपचार नव्हते त्या काळाचा, 1958 सालचा अभ्यास सांगतो की अंगभर पसरलेल्या जीपीएचे रुग्ण सरासरी पाच महिने जगत. 1970 च्या दशकात अमेरिकेत अँथनी फाउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायक्लोफॉस्फमाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आणि स्टेरॉइड एकत्र वापरून हे चित्र पालटलं. कोरोनात ज्यांचं नाव रोज ऐकलं, तेच हे फाउची. आज बहुसंख्य रुग्णांचा आजार शांत करता येतो.

नजर किंवा मज्जातंतू धोक्यात असतील तर मिथाइल प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज 500 ते 1000 मिलिग्रॅम, सलाइनमधून, तीन दिवस. मग स्टेरॉइडच्याच गोळ्या, रोज वजनाच्या दर किलोला साधारण 1 मिलिग्रॅम, आणि काही महिन्यांत कमी कमी. सोबत प्रतिकारशक्तीला आवर घालणारं रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फमाइड, कारण एकट्या स्टेरॉइडने गंभीर आजार आटोक्यात राहत नाही. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बी तपासायलाच हवी. सायक्लोफॉस्फमाइडच्या दिवशी भरपूर पाणी प्यायचं, आणि लघवी लाल झाली तर लगेच कळवायचं. मूल हवं असलेल्या जोडप्याने हे औषध सुरू होण्याआधीच तसं सांगावं.

घरात होणाऱ्या चुका दोन. एक, बरं वाटलं म्हणून स्टेरॉइड अचानक बंद करणं. शरीराची स्वतःची निर्मिती झोपलेली असते, त्यामुळे रक्तदाब कोसळतो. दुसरी, मेथोट्रेक्सेटची (काही रुग्णांना आजार दाबून ठेवायला दिलेली) गोळी रोज घेणं. ती आठवड्यातून एकदाच असते. वार ठरवा, पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा. रोज घेतली तर जिवावर बेतते.

औषध चालू असताना 38 अंश सेल्सियसच्या (100.4 फॅरनहाइट) वर ताप गेला तर क्रोसिन घेऊन थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना.

गेलेली ताकद परत येते?

मज्जातंतू दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढतो. मांडीच्या मध्यापासून गुडघ्याखालच्या स्नायूपर्यंत पंचवीस-तीस सेंटिमीटर धरले तर पाऊल हलायलाच आठ-दहा महिने, आणि बोटांची संवेदना यायला दोन वर्षं. म्हणून तीन महिन्यांत फरक नाही असं म्हणून औषध सोडू नका. औषधाचं काम नवं नुकसान थांबवणं हे आहे, वाढ मज्जातंतू आपल्या गतीनेच करतो. काही कमजोरी कायमही राहते. डोळ्याच्या बाबतीत मात्र ही आशाही नाही: दृष्टीचा मेलेला मज्जातंतू परत उगवत नाही.

दरम्यान पाऊल काटकोनात धरणारी प्लास्टिकची पट्टी वापरायची, नाहीतर टाचेमागचा स्नायू आखडतो आणि मज्जातंतू परत आला तरी पाऊल वळत नाही. बधिर पावलाने अनवाणी रानात जायचं नाही. आंघोळीचं पाणी पायाने न बघता कोपराने बघायचं. रोज संध्याकाळी तळवा उजेडात तपासायचा, काटा रुतलेला कळलेलाच नसतो. आग होत असेल तर प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्या असतात, नेहमीच्या पेनकिलरचा उपयोग कमी आणि मूत्रपिंडाला धोका जास्त.

एकच फाइल

या आजाराचे मुख्य डॉक्टर म्हणजे र्‍हुमॅटॉलॉजिस्ट, संधिवाताचे तज्ज्ञ. जवळपास नसतील तर मेडिकल कॉलेजच्या जनरल मेडिसिन विभागात दाखवा. बेळगाव, मिरज, कोल्हापूर, हुबळी, कुठेही जा, पण सगळे कागद एकाच फाइलीत, तारखेप्रमाणे. वर एक कोरा कागद लावा आणि त्यावर लिहा: नाकाचं कधी सुरू झालं, दमा कधी, कुठला डोळा कुठल्या तारखेला, कुठला पाय कुठल्या तारखेला, आतापर्यंतची सगळी औषधं. महात्मा फुले योजनेचं कार्ड असो वा आयुष्मान, रिटुक्सिमॅबसारखं औषध त्यात बसतं का, हे भरती व्हायच्या आधी विचारा.

आणि डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर गप्प बसू नका. मुंग्या-बधिरपणाला ‘जोमु’ म्हणा, आग होण्याला ‘उरि’, डोळा दुखतो याला ‘कण्णु नोवु’. कुठली बाजू ते हाताने दाखवा, आणि आजपासून की महिन्यापासून ते बोटांवर मोजून सांगा.